सही कुठं करायची?

मिरजेत रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. हाडांचा, मेंदूचा, किडनीचा, बायकांचा, लहान मुलांचा. हे गाव ऑपरेशनांवर वाढलं. डॉ. विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी सर्जननं १८९४ साली इथं रुग्णालय उघडलं. पटवर्धनांच्या संस्थानातल्या या गावाकडे मग बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोल्हापूर अशा सगळ्या बाजूंनी आजारी माणसं येऊ लागली. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीनं त्यांचं नाव अजून जपलंय. आज मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. पाटणच्या डोंगरातल्या, माण-खटावच्या माळावरच्या आणि जतच्या सीमेवरच्या माणसाला पोट उघडायचं असेल तर तो यांपैकी कुठल्या तरी रस्त्यानं जातो.

समजा, जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या गावातली एक आजी पोटात गोळा आहे म्हणून भरती झालीय. सकाळी ऑपरेशन आहे. रात्री नऊच्या सुमाराला सिस्टर फाइल घेऊन येते. दोन पानांचा छापील फॉर्म असतो, काही ठिकाणी रिकाम्या रेषा असतात, खाली चौकोन असतो. आजीला मराठी जेमतेम कळतं, वाचता काहीच येत नाही. मुलगा पेन हातात घेतो आणि विचारतो, “सिस्टर, सही कुठं करायची?” सिस्टर बोट ठेवते. “हितं. आणि आजींचा अंगठा हितं.” अर्ध्या मिनिटात काम होतं. सिस्टर वाईट नाही, मुलगाही बेफिकीर नाही. दोघांचीही समजूत एवढीच आहे की हा कागद झाल्याशिवाय सकाळी आजीला आत नेणार नाहीत.

सगळं नीट पार पडलं तर त्या कागदाकडे परत कुणी बघत नाही. बिघडलं तर तोच कागद वर्षभरानं सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगासमोर येतो. डॉक्टरांचे वकील म्हणतात, संमती होती, ही सही बघा. आजींचे वकील म्हणतात, सही आहे, पण कशाला होती? मग दुसरा प्रश्न येतो. डॉक्टरांनी केलं ते वैद्यकशास्त्राला धरून होतं की नव्हतं, हे सांगायचं कुणी? शस्त्रक्रियेतल्या हलगर्जीपणाचे बहुतेक दावे या दोन प्रश्नांभोवती फिरतात. सहीमागचं बोलणं काय होतं, आणि तज्ज्ञ कोण?

संमतीपत्राचं एक फार बोलकं उदाहरण आपल्याच मुलखात घडलंय. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींच्या पोटात अपेंडिक्सचं दुखणं उठलं. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं. १२ तारखेच्या रात्री सर्जन कर्नल मॅडॉक यांनी सांगितलं की ऑपरेशन लगेच करावं लागेल. कैदी गांधी, सरकार इंग्रजांचं, सर्जन इंग्रज. ऑपरेशनात काही बरंवाईट झालं असतं तर देशभर काय उठलं असतं हे मॅडॉक जाणत होते. गांधीजींच्या इच्छेनं मवाळ नेते श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं गेलं. आपल्या ओळखीचे डॉक्टर बोलावण्याची मुभा होती, पण थांबायला वेळ नव्हता, आणि इथल्या डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, अशा अर्थाचं निवेदन शास्त्रींनी लिहून काढलं. गांधीजींनी ते ऐकलं, त्यात दुरुस्ती सुचवली आणि मग सही केली. सही करताना त्यांचा हात कापत होता, हे शास्त्रींनी नोंदवून ठेवलंय. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं.

तो कागद सर्जनच्या आणि सरकारच्या बचावासाठी होता यात शंका नाही. तरी तो खरा होता, कारण सही करणाऱ्याला आपल्याला काय झालंय, काय करणार आहेत आणि थांबलो तर काय होईल हे माहीत होतं. त्याच्याजवळ विश्वासातला माणूस होता, आणि मजकूर बदलायची सवड त्याला मिळाली होती. शंभर वर्षांनंतर जतच्या आजीच्या फॉर्ममध्ये एखादा शब्द तरी बदलता येतो का? मला हा प्रश्न कायद्याच्या सगळ्या कलमांपेक्षा जास्त छळतो.

भारतात संमती म्हणजे काय हे सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते १६ जानेवारी २००८ रोजी, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या दिल्लीच्या प्रकरणात. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई पाळीच्या त्रासासाठी गेली होती. दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून तिला पूर्ण भूल दिली. ती बेशुद्ध असतानाच डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व दोन्ही अंडाशयं काढून टाकली. रोग होता, ऑपरेशन कौशल्यानं झालं होतं, आणि आईनं हो म्हटलं होतं. तरीही न्यायालयानं डॉक्टरांना दोषी धरलं. बाई सज्ञान होती आणि थोड्या वेळानं शुद्धीवर येणार होती. जिवाला तातडीचा धोका नव्हता. तिला विचारायला थांबता येत होतं, मग आईला विचारून भागत नाही.

त्या निकालानं डॉक्टरांसाठी एक माप ठरवून दिलं. उपचार कोणता आणि कशासाठी, त्याचा फायदा काय, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, आणि काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं रुग्णाला कळलं पाहिजे. लाखात एखाद्याला होणारी गुंतागुंत सांगून त्याला घाबरवायची गरज नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. एका अवयवावरच्या ऑपरेशनला दिलेला होकार दुसऱ्या अवयवाला लागू होत नाही. आधीच दोन्हींची एकत्र संमती घेतली असेल तर गोष्ट वेगळी. आणि जीव वाचवायला क्षणाचाही उशीर परवडत नसेल, तर डॉक्टरनं संमतीसाठी अडून बसू नये. ही मुभा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९२व्या कलमात होती, आता भारतीय न्याय संहितेच्या ३०व्या कलमात आहे.

याची उलट बाजूही न्यायालयात आलीय. केरळमध्ये डॉ. टी. टी. थॉमस विरुद्ध एलिसा या प्रकरणात अपेंडिक्स फुटलेल्या रुग्णाचं ऑपरेशन झालं नाही आणि तो गेला. डॉक्टर म्हणाले, रुग्णानंच नकार दिला होता. उच्च न्यायालयानं सांगितलं की नकार दिला होता हे डॉक्टरनं सिद्ध करायचं. होकार असो वा नकार, तो माणसाला समजून दिलेला असला पाहिजे आणि कुठं तरी लिहिलेला असला पाहिजे.

गर्भपिशवीचा विषय निघाला की मला उसाचे फड दिसतात. दिवाळीनंतर बीडकडून, मराठवाड्यातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा लागतो आणि तो उचलीत धरला जातो. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलून ट्रॉलीत टाकावीच लागते. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांची बातमी देशभर गेली. सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला.

या बायकांच्या सह्या किंवा अंगठे नव्हते असं नाही. कागद झालेले होते. ‘पिशवी सुजलीय, कॅन्सर होईल’ एवढंच ऐकून त्यांनी होकार दिला, असं त्यांच्यातल्या अनेकजणींनी सांगितलं. पर्याय म्हणून गोळ्या असतात, थांबून बघता येतं, अंडाशयं काढली तर तिशीतच हाडं ठिसूळ होऊ लागतात, हे त्यांना कुणी सांगितलं? समीरा कोहली निकालाचं माप या कागदांना लावलं तर किती टिकतील? दिल्लीतली शिकलेली बाई खटला लढली. फडावरच्या बाईला खाड्याची भीती असते. तिच्या वतीनं माप लावायला कुणीच उभं राहत नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांच्या याचिकेवर सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

संमती कुणाला दिली होती, हाही प्रश्न उठतो. मुंबईच्या डॉ. पी. बी. देसाई प्रकरणात डिसेंबर १९८७ मध्ये एका कर्करोगाच्या रुग्णाचं ऑपरेशन बॉम्बे हॉस्पिटलमध्ये झालं. नामवंत सर्जन स्वतः करतील या विश्वासावर कुटुंब तयार झालं होतं. पोट उघडलं ते त्यांच्या सहकाऱ्यानं, आणि आतली अवस्था कळल्यावर मोठ्या डॉक्टरांनी लांबूनच बंद करायला सांगितलं. खालच्या न्यायालयांनी फौजदारी शिक्षा दिली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. रुग्णाची जबाबदारी घेऊन स्वतः पुढे न येणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे, पण तो गुन्हा ठरवता येत नाही, असा त्याचा अर्थ. मला तो निकाल कायद्यानं बरोबर वाटतो. तरी त्या घराला काय वाटलं असेल हे कळायला कायदा शिकावा लागत नाही.

आता तज्ज्ञाकडे येऊ. या विषयात आपल्याकडे ज्या निकालाचा दाखला सगळ्यात जास्त दिला जातो, तो कोकणात सुरू झाला. ६ मे १९५३, सूर्यास्ताची वेळ. गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून सुमारे २०० मैल प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. ज्यांना कुंभार्ली घाट चढून पाटण-उंब्रज-सातारा असा रस्ता ठाऊक आहे, त्यांना मोडलेल्या मांडीनं तो काटणं म्हणजे काय ते कळेल. पुण्यात डॉ. लक्ष्मण जोशींच्या दवाखान्यात संध्याकाळी हाड बसवून प्लास्टर घातलं. मॉर्फियाच्या दोन इंजेक्शनांपैकी एकच दिलं गेलं होतं, आणि पूर्ण भूल दिली नव्हती. त्याच रात्री नऊच्या सुमाराला मुलगा गेला. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात जाऊन अडकणं.

मुलाचे वडील, डॉ. त्र्यंबक गोडबोले, स्वतः दौंडला डॉक्टरी करत होते. ते दाखला वाचू शकत होते, आणि त्यांना तो पटला नाही. दावा पुण्याच्या न्यायालयात झाला, उच्च न्यायालयात गेला, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपला. न्यायालयांनी डॉक्टरांचं आधीचं लेखी म्हणणं आणि नंतरचं म्हणणं शेजारी ठेवलं. दोन्हींत मेळ नव्हता. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवल्यानं बसलेल्या धक्क्यानं मृत्यू झाला, असं मत कायम राहिलं. डॉक्टरचं कर्तव्य तीन जागी आहे, हे त्या निकालात सांगितलं गेलं: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो उपचार देताना. भरपाई ३,००० रुपये. पंधरा वर्षांनी. दावा लढणारा बाप स्वतः डॉक्टर असताना.

डॉक्टर नसलेल्या बापानं काय करायचं? त्याला तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञ मिळणं हीच खरी चढण असते. साताऱ्यात हाडांचे डॉक्टर किती? ते सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच संघटनेच्या बैठकीला भेटतात, रात्री-अपरात्री एकमेकांचे रुग्ण सांभाळतात. शेजारच्या डॉक्टरविरुद्ध शपथपत्र लिहायला कोण तयार होईल? मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. छोट्या गावात माणसं अशीच जगतात. पण त्यामुळे रुग्णाचे नातेवाईक पुण्या-मुंबईकडे तज्ज्ञ शोधत फिरतात, फी भरतात, आणि बरेचजण मध्येच थकतात.

कायद्यानं तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरण्याची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या ४५व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९व्या कलमात आहे. तज्ज्ञाचं मत हे न्यायाधीशाला मदत म्हणून असतं, निकाल म्हणून नाही. तज्ज्ञाला मोजपट्टी कोणती? इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलम प्रकरणात ठरलं की जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत डॉक्टरनं वापरली असेल तर तो निष्काळजी ठरत नाही, दुसरे डॉक्टर वेगळं करत असले तरी. ही मोजपट्टी आपल्याकडेही आली. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती उचलली आणि फौजदारी खटल्यासाठी आणखी एक कुंपण घातलं: डॉक्टरवर गुन्हा चालवायचा तर हलगर्जीपणा अत्यंत गंभीर हवा, आणि तपास अधिकाऱ्यानं आधी त्या शाखेतल्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं निःपक्ष मत घ्यावं. रात्री ऑपरेशन बिघडलं आणि सकाळी ठाण्यात सर्जनला बसवून ठेवलं, असं होऊ नये म्हणून हे आवश्यक होतं. धोक्याचं ऑपरेशन करायला पुढे येणारा सर्जन आपल्यालाही हवा असतो.

पण ग्राहक आयोगातही प्रत्येक वेळी असंच मत आधी हवं का? २००९ मध्ये, मुंबईतल्या एका किडनीच्या रुग्णाच्या प्रकरणात (मार्टिन डिसूझा), सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं हो म्हटलं. पुढच्याच वर्षी, ८ मार्च २०१० रोजी, व्ही. किशन राव निकालात दुसऱ्या खंडपीठानं सांगितलं की हा नियम सरसकट लावणं चूक आहे. आधीच्या मोठ्या पीठांच्या निकालांशी ते जुळत नाही. गुंतागुंतीचा प्रश्न असेल तर तज्ज्ञ घ्या. जिथं घटनाच बोलते तिथं तज्ज्ञाची वाट बघू नका.

घटना कशी बोलते हे औरंगाबादच्या एका कुटुंबाला विचारावं. जुलै १९६३, सरकारी रुग्णालय. बाळंतपणानंतर एका बाईचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. मग ताप, पोटात असह्य दुखणं. १९ जुलैला दुसऱ्या डॉक्टरनं पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. कनिष्ठ न्यायालयानं ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते काढून घेतले. नेमका कुणी टॉवेल ठेवला हे सिद्ध झालं नाही, हे त्याचं एक कारण होतं. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अच्युतराव खोडवा प्रकरणात रक्कम परत दिली. टॉवेल आपोआप पोटात जात नाही, रुग्णालय चालवणाऱ्या सरकारला जबाबदारी टाळता येत नाही. जवळजवळ तेहतीस वर्षं गेली होती. जे बाळ जन्मलं होतं ते तोवर बत्तिशी ओलांडून गेलं होतं.

हा दावा दिवाणी न्यायालयातला होता, हे लक्षात ठेवायला हवं. १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय त्यातून बाहेर ठेवलं. तिथल्या रुग्णाला दिवाणी दाव्याचा रस्ता आहे. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. २०१९ च्या कायद्यानंतर ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. त्यामुळे पुण्यात ऑपरेशन झालेल्या खटावच्या माणसाला आता साताऱ्यातच तक्रार देता येते. २००२ च्या जे. जे. मर्चंट निकालानं आणखी एक मार्ग मोकळा केला: तज्ज्ञ शपथपत्रावर मत देऊ शकतो, त्याची उलटतपासणी लेखी प्रश्नांतून किंवा फोनवरूनही घेता येते. साताऱ्याच्या डॉक्टरविरुद्ध साताऱ्यातलाच डॉक्टर उभा करावा लागत नाही. मुंबईचा सर्जन आपल्या टेबलावरून उत्तर देऊ शकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय. सातारा आणि सांगली त्याच्या कक्षेत आहेत, त्यामुळे उच्च न्यायालयापर्यंत जाणाऱ्यांची मुंबईची एक खेप वाचते.

मात्र कुठलाही तज्ज्ञ आला तरी तो वाचणार काय? केसपेपर, भूलतज्ज्ञाची नोंद, ऑपरेशनची नोंद, रक्तदाबाचा तक्ता, डिस्चार्ज कार्ड, आणि ते संमतीपत्र. तज्ज्ञ ऑपरेशनच्या टेबलाशी नव्हता. त्याला फक्त कागद दिसतात. भूल दिल्यावर रक्तदाब किती वाजता उतरला, सर्जनला किती वाजता बोलावलं, टाके घालण्याआधी मॉप मोजले का, हे त्या रात्री लिहिलं नसेल तर पाच वर्षांनी कुणीच सांगू शकत नाही. चांगल्या सर्जनचाही यात तोटा होतो. ज्यानं आजीला अर्धा तास बसून चित्र काढून समजावलं आणि लिहून ठेवलं नाही, तो आयोगापुढे न समजावणाऱ्याइतकाच उघडा पडतो.

म्हणून २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतली दोन कलमं मला मोठ्या निकालांइतकी मोलाची वाटतात. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवायचे. यासाठी वकील लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. साधा अर्ज, त्याची पोच, आणि पोचेवरची तारीख-वेळ पुरते.

जतच्या आजीच्या मुलानं सिस्टरला सकाळी दुसरा प्रश्न विचारला तर? “ताई, डॉक्टर येतील तवा आमच्या आईला कन्नडमधून कुणी सांगंल का, नेमकं काय काढणार हाईत?” मिरजेतल्या बहुतेक वॉर्डात कन्नड येणारं कुणी ना कुणी असतंच. एखादी मावशी, एखादा वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सून. डॉक्टर पाच मिनिटं थांबतात, ती सून सांगते, आजी दोनदा विचारते, एकदा मान हलवते. मग फॉर्मच्या रिकाम्या रेषेवर सर्जन स्वतःच्या अक्षरात लिहितात की गर्भपिशवीच्या गाठीचं ऑपरेशन, गरज पडली तर पिशवी काढावी लागेल, हे रुग्णाला कन्नडमधून समजावलं, समजावणाऱ्याचं नाव अमुक. खाली आजीचा अंगठा.

त्या ओळीला वीस सेकंद लागतात.